बिनचेंडूचे वार

आमच्या घरात ती काठी आली ती शेवग्याच्या शेंगा काढायला, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर नातवंडांना वाटतं, आजी जन्मली तीच खेळाडू म्हणून. माझे अप्पा गिरणीच्या साहेबांच्या मैदानावर माळी होते. शहर मागं पडलं की माळाचा एक मोठा तुकडा तारेचं कुंपण घालून राखलेला होता. त्यात नऊ भोकं, प्रत्येक भोकाशी एक निशाण आणि भोवती तेल शिंपडून दाबलेली काळसर वाळू. हिरवळ वाढवायचा प्रयत्न साहेबांनी एक उन्हाळा करून पाहिला होता म्हणे, मग सोलापूरच्या उन्हाला हात जोडले. तिथं रविवारी सकाळी साहेबलोक गोल्फ खेळायचे. एकदा एका साहेबांचा वार चुकला आणि त्यांनी हातातली काठी दगडावर आपटली. लांब दांड्याची, पुढं मुठीएवढं लाकडी डोकं असलेली काठी. डोक्याला चीर गेली, धरायच्या जागेचं रबर फाटलं आणि साहेब दुसरी काठी घेऊन पुढं चालू लागले. अप्पांनी ती उचलली, संध्याकाळी साहेबांना रीतसर विचारली आणि सायकलच्या दांडीला बांधून भवानी पेठेत घरी आणली. विचारून आणली हे महत्त्वाचं. अप्पा मैदानावरची वाळकी काडीसुद्धा विचारल्याशिवाय घरी आणायचे नाहीत. माझी आई, अव्वा, काठीवर खूश झाली. काठीचं डोकं शेंगेच्या देठामागं अडकवून हिसका दिला की शेंग अंगणात. आठ दिवस आम्ही दोन्ही वेळेला शेवग्याच्या शेंगांची आमटी खाल्ली.

चार घरांचं मिळून एक अंगण होतं. आमच्या समोर लक्ष्मव्वाचं घर. तिचा नवरा हातमागावर टॉवेल विणायचा आणि दिवसभर त्या घरातून खट-खटाक, खट-खटाक चालू असायचं. माग थांबला की शेजारच्या घरातलं तान्हं बाळ जागं व्हायचं, इतकी आम्हाला त्या आवाजाची सवय. सकाळी गिरणीचा भोंगा, मग अव्वाच्या भाकऱ्या थापण्याचा आवाज, मग उखळात शेंगदाणे, लसूण आणि तिखट कुटल्याचा. ती चटणी ताजी असताना तिला तेल सुटायचं आणि गरम भाकरीवर बोटानं पसरली की जिभेला चटका बसला तरी हात थांबायचा नाही. अव्वा अक्कलकोटच्या बाजूची. तिचं प्रेम मराठीत असायचं आणि राग कानडीत. "साकु, साकु" असं ऐकू आलं की आम्ही समजायचो, आता पुरे, यापुढं लाटणं. तिचा सगळा अभिमान अंगणात होता. एक दिवसाआड पहाटे ती शेणाचा सडा घालून अंगण सारवायची. हाताच्या फटकाऱ्याचे अर्धे गोल एकाशेजारी एक असे उमटायचे की जणू कुणी मोजपट्टी लावून काढलेत. ते वाळलं की त्यावर लक्ष्मव्वा रांगोळी घालायची. त्या सारवलेल्या जमिनीवर ओरखडा उठवणारा माणूस अव्वाच्या लेखी देवळात चप्पल घालून जाणाऱ्यापेक्षा वाईट.

त्या वर्षी मी पंधरा वर्षांची, नववीला गणितात गचकलेली आणि स्वतःबद्दल अतिशय चांगलं मत असलेली मुलगी होते. आज ती मला रस्त्यात भेटली तर तिच्या वेण्या धरून हलवीन. दुपारी अप्पांची भाकरी मैदानावर पोचवायचं काम माझ्याकडं असायचं. एका रविवारी दुपारी घरी काम होतं म्हणून सकाळीच गेले आणि मोठ्या साहेबांनी मारलेला चेंडू पाहिला. मारलेला म्हणजे काय, मला काही दिसलं नाही. काठी वर गेली, एक सणसणीत आवाज झाला, आणि जमिनीतल्या खुंटीवरचा पांढरा चेंडू तिथं नव्हता. सगळे वर बघत होते म्हणून मीही वर बघितलं. निळ्या आभाळात तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी चाललं होतं आणि खाली यायचं नावच घेत नव्हतं. भाकरीचा डबा तिथंच ठेवून मी घरी आले. अप्पा त्या दिवशी कालवणाशिवाय जेवले, कारण कालवणाची बरणी माझ्या हातात तशीच परत आली होती.

दुसऱ्या दिवसापासून शेवग्याची झाडं सुटली. काठी माझी झाली. चेंडू मिळणं शक्यच नव्हतं, अप्पा साहेबांचा चेंडू घरी आणणारे नव्हते, आणि विकत कुठं मिळतो हे पेठेत कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून मी एक वांगं घेतलं. चांगलं टणक, देठासकट. दगडावर ठेवून असा वार केला की वांग्याचे चार तुकडे झाले, आणि त्यातला सर्वात मोठा लक्ष्मव्वाच्या दारात पसरून बांधलेल्या पांढऱ्या ताण्याच्या सुतात जाऊन बसला. लक्ष्मव्वा बाहेर आली. तिनं सुतातलं वांगं काढलं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"काय गं पिल्ला, भाजी आमच्या घरी पाठवायची तर वाटीत पाठवायची की," ती म्हणाली.

अव्वा मात्र कानडीत गेली. कानडीतून परत मराठीत आली तेव्हा दोन कायदे झाले होते. एक, या काठीनं अंगणात कुठल्याही वस्तूला हात लावायचा न्हाय, वांगं न्हाय, बटाटा न्हाय, बोर न्हाय. दोन, सारवणावर ओरखडा दिसला की काठी चुलीत. मी दोन्ही मान्य केले. तेव्हा मला वाटलं, मी फार हुशारीनं सुटले.

मग सुरू झाले माझे हवेतले वार. रोज सकाळी पन्नास, संध्याकाळी पन्नास. लक्ष्मव्वानं फाटक्या रबरावर उरलेलं सूत घट्ट गुंडाळून गाठ मारून दिली, वांग्याचा राग तिच्या मनात राहिला नव्हता. मागाच्या ठेक्यावर मी काठी फिरवायचे. खट म्हटलं की वर, खटाक म्हटलं की खाली. पहिले पंधरा दिवस फक्त खांदे दुखले. बायका पाणी भरायला येता-जाता थांबायच्या. एकजण म्हणाली, "पोरीला कुणी करणी केली का काय, माशा मारतीया." मी तिच्याकडं मोठ्या खेळाडूच्या नजरेनं बघितलं. मोठा खेळाडू कसा बघतो हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी नाक वर केलं.

अप्पा हे सगळं पाठमोरे ऐकत होते. पाठमोरे हा शब्द मुद्दाम लिहिते. संध्याकाळी घरी आले की ते न्हाणीच्या दगडावर बसून पाय धुवायचे, तोंड भिंतीकडं. वर्षानुवर्षं मैदानावर खाली वाकून गवत काढता काढता त्यांचे कान तयार झाले होते. मागं कुठले साहेब मारताहेत, वार लागला की हुकला, हे ते मान वर न करता सांगायचे. महिनाभर गेल्यावर एक दिवस पायावर पाणी ओतता ओतता त्यांचा हात थांबला.

"म्हादे," ते म्हणाले, "आवाज मागं यायलाय."

"कुठला आवाज?"

"सूं करून येतोय की, तो. तुझा काठी वर असतानाच येतोय. चेंडूपाशी यायला पाहिजे, जरा पुढं गेला तरी चालंल. मोठ्या सायबाचा तितं येतो."

"मग काय करू?"

"उलटी धर. डोकं हातात, दांडा खाली. हलकी होती, पळती. मग सुलटी धर. तिकडं एक नवीन सायेब आलेत, ते तसंच करत्यात."

एवढं बोलून त्यांनी दुसऱ्या पायावर पाणी घातलं. अप्पा आठवड्याला जेवढं बोलायचे तेवढं त्या एका संध्याकाळी बोलून झालं होतं.

मागच्या महिन्यात पुण्याहून नात आली होती. तिनं मोबाइलवर मला एक माणूस दाखवला. चांगला धडधाकट, टोपी घातलेला, समोर चेंडू नसताना जोरजोरात काठी फिरवत होता. म्हणे असं केलं की अंगात वेग येतो, मग चेंडू लांब जातो, आणि त्यासाठी हलक्या-जड रंगीत काठ्या खास मिळतात. "आजी, हे लेटेस्ट आहे," ती म्हणाली. मी म्हणाले, बाळा, हे भवानी पेठेत न्हाणीच्या दगडावर बसून एका माळ्यानं सांगितलं होतं. लहानपणी ती शाळेतल्या गोष्टी सांगायची तेव्हा मी तिच्याकडं जसं पाहायचे, तसं तिनं माझ्याकडं पाहिलं.

तर उलटी, सुलटी, उलटी, सुलटी असे दिवस गेले. उन्हाळा गेला, दिवाळी गेली. आवाज पुढं सरकत सरकत बरोबर माझ्या डाव्या पायापाशी यायला लागला. असा धारदार की लक्ष्मव्वाची कोंबडी तो ऐकला की टोपल्याखाली जायची. आणि आवाज सुधारला तशी माझी जीभही सुधारली. मी सगळ्यांना सांगायला लागले की मी चेंडू मारला तर मैदानाच्या टोकाच्या लिंबाच्या झाडापर्यंत जाईल. एकदा अप्पांनी विचारलं, "खरंच लिंबापर्यंत?" मी म्हणाले, "लिंबाच्या पलीकडं." आयुष्यात एका चेंडूला काठी लावली नव्हती. वांगं सोडून.

त्याच सुमारास अव्वानं ठरवलं की मला वळसंगला मावशीकडं धाडायचं. शाळा तर सुटलीच आहे, मावशीच्या घरात माणसं पुष्कळ, शेतावरच्या भाकऱ्या पुष्कळ, पोरगी चार कामं शिकेल. अव्वाचं चुकत नव्हतं. दिवसभर अंगणात काठी फिरवणाऱ्या मुलीचं दुसरं काय करायचं असतं, हे मलाही आज सांगता येणार नाही. पण वळसंगला गेले की परत यायचं ते थेट लग्नालाच, हे त्या वयातही मला कळत होतं. मी जेवले नाही, रडले, काठी उराशी धरून झोपले. सगळं केलं, फक्त तोंडानं काही बोलले नाही. बोलले ते अप्पा. शनिवारी संध्याकाळी जेवताना ते भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "उद्या हिला मैदानावर न्हेतो. सायबाला इचारलंय."

अव्वाचा हात परातीत थांबला. "काय इचारलंय?"

"आमची पोरगी मारती म्हणलं. तीन वार मारू द्या म्हणलं. लागला तर मंगळवारी मैदान रिकामं असतंय, तवा येऊ द्या म्हणलं."

"आन न्हाय लागला तर?"

अप्पांनी चटणी लावली, घास घेतला, नीट चावला. "न्हाय लागला तर वळसंग."

अप्पांनी साहेबांकडं त्या आधी कधी काही मागितलं नव्हतं. रजासुद्धा नाही. ती चीर गेलेली काठी तेवढी मागितली होती, तीही फेकलेली. आणि त्यांनी तोंड उघडलं ते माझ्या सूं आवाजाच्या भरवशावर. मला ते तेव्हा कळलं का? मुळीच नाही. मी झोपताना विचार करत होते की उद्या दोन वेण्या घालाव्यात की एक.

रविवारी अप्पांनी धुतलेला सदरा घातला. सायकलवर मी मागं बसले, काठी मांडीवर आडवी. मैदानावर मोठे साहेब, आणखी दोन साहेब आणि एक बाईसाहेब होत्या. मोठे साहेब मराठीच होते, स्वभावानं सरळ. त्यांनी माझ्या काठीवरचं सूत पाहिलं, गाठ पाहिली, हसले नाहीत. "मल्लप्पा सांगत होता, तुझा हात फार वेगात चालतो," ते म्हणाले. "चल, दाखव." त्यांनी स्वतः वाकून एक छोटी लाकडी खुंटी जमिनीत रोवली आणि तिच्यावर चेंडू ठेवला. मी इतक्या जवळून तो पहिल्यांदाच पाहत होते. देवीचे व्रण असल्यासारखा होता.

मी उभी राहिले, काठी वर नेली आणि फिरवली. सूं. माझ्या आठ महिन्यांतला सगळ्यात चांगला आवाज. दुसरे साहेब "वा" म्हणाले. मी आभाळात चेंडू शोधायला लागले, हात कपाळावर धरून, लिंबाच्या दिशेला. बऱ्याच वेळानं बाईसाहेब हळूच म्हणाल्या, "अगं, खाली आहे." चेंडू खुंटीवर होता. हललासुद्धा नव्हता.

हात कपाळावर धरून उभी असलेली ती मुलगी मला आजही दिसते. मध्येच भाजी चिरताना आठवते आणि मी एकटीच हसते.

"जरा खाली मार," मोठे साहेब म्हणाले. मी मान हलवली. खाली मारायचं म्हणजे काय मोठंसं. परत काठी वर, परत सूं. चेंडू खुंटीवर. या वेळी एक साहेब खोकल्यासारखं हसले. खाली आणायची म्हणून मी जीव तोडून फिरवली होती, आणि तरी हात आपणहून वरच्या वर निघून गेले होते. माझ्या खांद्यांनी माझं ऐकलं नव्हतं. मी अप्पांकडं पाहिलं. ते नेहमीसारखे पाठमोरे उभे होते, गवताकडं तोंड करून, आवाज ऐकत. आवाज तर उत्तम होता. मग लोक गप्प का, म्हणून ते वळले आणि त्यांनी चेंडू पाहिला. त्यांचा चेहरा काही बदलला नाही, पण सदऱ्याची बाही त्यांनी उगीचच दोनदा खाली ओढली.

"मल्लप्पा," मोठे साहेब सौम्यपणे म्हणाले, "लहान आहे अजून. राहू दे."

"एक वार हाय अजून, सायेब," अप्पा म्हणाले.

ते माझ्यासमोर आले आणि उकिडवे बसले. "नुसती फिरव. हळू. मला बघू दे." मी फिरवली. त्यांनी डोळे बारीक करून काठीचं डोकं कुठून जातं ते पाहिलं. चेंडूच्या वरून, जमिनीपासून चांगलं वीतभर उंच, अगदी समांतर. परत फिरवायला सांगितली. परत तिथूनच. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझा वार डोळ्यांनी पाहिला होता. तोवर आम्ही बापलेक दोघंही कानांनीच खेळत होतो. मग ते इतक्या हळू बोलले की फक्त मला ऐकू आलं.

"म्हादे, तू अंगण वाचवायलीस."

खरंच होतं ते. आठ महिने, रोज शंभर वेळा, अव्वाच्या सारवणाला धक्का लागू नये म्हणून माझे हात काठी जमिनीपासून वीतभर वर ठेवायला शिकले होते. आता समोर सारवण नव्हतं, नुसता माळ होता, पण हातांना ते कोण सांगणार.

"खाली येत न्हाय अप्पा, मी आणते तरी येत न्हाय."

"नको आणू. तू हाय तशी फिरव."

ते उठले, पाण्याची झारी घेऊन आले. जवळचीच लाल माती ओंजळीत घेतली, तिच्यावर थोडं पाणी घातलं, मळली. अव्वा भाकरीचं पीठ मळते तशी नाही, रोपाच्या बुडाशी लावायची माती मळतात तशी, घट्ट. खुंटी उपटून त्या जागी त्यांनी मातीचा ढीग उभा केला. स्वतःची वीत लावून उंची पाहिली, माझ्या काठीचं डोकं शेजारी धरून पाहिलं, अंगठ्यानं वर खळगा केला आणि त्यात चेंडू ठेवला. कमरेवर हात ठेवून साहेबलोक बघत होते. एक म्हणाले, "अरे, एवढा उंच? हे नियमात बसतं का?"

"नियम तुमचा, सायेब," अप्पा हात धोतराला पुसत म्हणाले. "पण खुंटी तरी काय, चेंडू वर धरायलाच असती की. हिची जरा वाढलीया."

मोठे साहेब हसले. या वेळी सगळेच हसले, पण आधीसारखे नाही. "मार गं," ते म्हणाले.

मी डोळे मिटले. हे कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहिते. मिटले आणि कानात लक्ष्मव्वाचा माग आणला. खट म्हटलं की वर. खटाक म्हटलं की खाली. आणि सूं संपायच्या आत एक दुसराच आवाज आला, कोरडा, गोळीबंद, आणि हातातून खांद्यापर्यंत काहीतरी गेलं. आठ महिन्यांत मी हा आवाज एकदाही ऐकला नव्हता. मातीचा ढीग फुटून माझ्या परकरावर उडाला होता. डोळे उघडले तर सगळे डावीकडं बघत होते. चेंडू लिंबाकडं गेलाच नव्हता. लिंब कुठं नि तो कुठं. चेंडू गेला होता आडवा, कुंपणाकडच्या वेड्या बाभळीत. पण गेला होता खूप लांब, आणि हवेतून गेला होता.

मोठे साहेब बराच वेळ बाभळीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मल्लप्पा, मंगळवारी मैदान कुणाच्या उपयोगाचं नसतं. आण हिला."

मला एवढंच कळलं की वळसंग राहिलं. मी काठी टाकून चेंडू आणायला पळत सुटले. दहा पावलं गेले असेन, अप्पांनी दंड धरला.

"कुटं चाललीस?"

"चेंडू."

"मारणाऱ्यानं शोधायला जायचं नसतंय," ते म्हणाले. "हितं उभी राहा."

आणि ते गेले. साहेबांचा चेंडू काट्यात गेला की जसे जायचे तसेच, वहाणा काढून, कारण वहाणेत काटा अडकला की निघत नाही असं त्यांचं म्हणणं. वाकून बाभळीत शिरले. मी, मूर्ख मुलगी, काठीवर रेलून उभी राहिले, साहेबलोकांसारखी एक पाय दुसऱ्यावर टाकून. मदतीला जावं असं माझ्या मनातही आलं नाही. थोड्या वेळानं ते बाहेर आले. चेंडू धोतराच्या सोग्याला पुसला आणि उघड्या तळहातावर ठेवून माझ्यापुढं धरला, साहेबांपुढं धरायचे तसा, मान जराशी खाली. मी घेतला. बोलले ते एवढंच, "अजून एक मारू?"

ते झारी घ्यायला वळले तेव्हा त्यांच्या टाचेला रक्त दिसलं, मागं मातीवर त्याचे दोन-तीन ठिपके पडले. ते खाली बसले, माती ओली केली, मळली, आणि पुन्हा ढीग उभा करून माझ्या काठीशी लावून पाहिला. मग वरून थोडी माती काढून बाजूला टाकली. आधीच्यापेक्षा हा ढीग एक बोट बुटका होता.